गिरणीवालीचं तिसरं रीळ

३ जून

प्रिय भिंगरी,

अखेर यादी झाली. गेले चार महिने मी, आमचे दातांचे डॉक्टर आणि निवृत्त ग्रंथपाल बाई असे तिघं मिळून छत्रीवाल्यांच्या मूकपटांची क्रमवारी लावत होतो. विसरली असशील म्हणून सांगतो, या दिग्दर्शकाचा एकच फोटो उरलाय आणि त्यात त्यांनी कडक उन्हात मिटलेली छत्री काखेत धरली आहे, म्हणून आमच्या चित्रपट मंडळात सगळे त्यांना छत्रीवाले म्हणतात. मंडळाला पन्नास वर्षं होताहेत. त्याची पुस्तिका निघणार आणि तिच्या मधल्या दोन पानांवर 'छत्रीवाल्यांचे सर्वोत्तम दहा', माझ्या टिपणांसह. जगाचं यावाचून काय अडलं होतं असं विचारू नकोस. जगाचं माझ्यावाचूनही कधी काही अडलं नाही, तरी मी चौऱ्याहत्तर वर्षं पूर्ण केलीच.

डॉक्टरांना 'कुलूप' पहिला हवा होता. मी म्हटलं, शेवट फार लांबलाय. ते म्हणाले, लांबण्याबद्दल तुम्ही बोलू नका. मग चहा झाला आणि 'कुलूप' दुसरा ठरला. 'दोन जिने' तिसरा, 'पाहुणी' चौथी, आणि खाली उतरता उतरता दहाव्या क्रमांकाला आम्ही तिघंही इतके थकलो होतो की 'शिकाऱ्याचं लग्न' कुणीच न सुचवता आत आला.

पहिला अर्थातच 'गिरणीवाली'. त्यावर वाद झाला नाही, कारण वाद घालायला तो कुणी पाहिलेला हवा. त्याची एकही प्रत उरलेली नाही आणि हयात माणसांत तो पाहिलेला मी एकटाच. वासरात लंगडी गाय शहाणी म्हणतात, इथे तर गोठ्यात दुसरं जनावरच नाही.

तुझ्या संग्रहालयातल्या नोंदींवरून सालं आणि लांबी तेवढी तपासून दे. फोन करू नकोस. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं पटत नाही. ताईला सांग, भावाचं लिखाण पुस्तिकेत येतंय. ती वाचणार नाही हे माहीत आहे, पण सांग.

तुझा,
मामा


११ जून

प्रिय मामा,

सालं सोबत पाठवतेय. दोन चुकली होती. आयुष्यभर वर्तमानपत्रात मुद्रितं तपासून लोकांच्या चुका पकडणाऱ्या माणसाकडून हे अपेक्षित नव्हतं. 'शिकाऱ्याचं लग्न' छत्रीवाल्यांचा नाहीच, त्यांच्या मेहुण्याचा आहे. तो काढा, नाहीतर घरच्या घरी भांडणं लागतील.

आता खुर्चीत नीट बस. गेल्या महिन्यात एका बंद पडलेल्या औषधाच्या दुकानाच्या माळ्यावर चार डबे सापडले. चार डब्यांत चार रिळं. सुरुवातीचे काही फूट गळून गेलेत, त्यामुळे नावाची पाटी नाही. पण डब्यांवर पेन्सिलीने लिहिलंय: गिरणीवाली!

मी वाचलं आणि हातमोजे न काढताच जिन्यावरून धावत मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. मामा, मी या नोकरीत कशामुळे आले तुला ठाऊक आहे. दर सुट्टीत तू आमच्याकडे यायचास आणि जेवणं झाली की मी तुझ्यामागे लागायचे, पीठ सांग, पीठ सांग. मग तू उभा राहून दाखवायचास: गिरणीच्या छतावरून पिठाचा लोट कोसळतो, नायिका नखशिखांत पांढरी होते, आणि तिच्या गालांवरून दोन काळ्या रेघा हळूहळू खाली उतरतात. ती रडतेय हे सांगायला पडद्यावर पाटी लागत नाही. मुलाखतीत मला विचारलं, इथे का यायचंय, तेव्हा मी उभी राहून हेच करून दाखवलं. बाईंना अजून आठवतं.

घोटाळा असा की या चार रिळांत पीठ नाही. आम्ही हाताने फ्रेम फ्रेम सरकवून पाहिलं. माग आहेत, चात्या आहेत, कापसाचे गठ्ठे आहेत, फाटकाशी उभ्या कामगार बायका आहेत. पिठाचा कण नाही. आता बाई म्हणतात, डब्यावरचं नाव खोटं असेल. फाईलमध्ये 'गिरणीवाली'बद्दल एकच कागद आहे आणि तो म्हणजे तुझा जुना लेख.

१५ जुलैला समिती बसते. इथला नियम साधा आहे. ज्या फिल्मची ओळख पटली तिची नवी प्रत आधी निघते. जिची पटली नाही ती मागच्या खोलीत जाते आणि तिची पाळी येईपर्यंत बहुतेक वेळा उरत नाही. ही जुनी फिल्म आधी आंबूस वास मारते, मग चिकटते, मग तिची तपकिरी पूड होते. म्हणून तू ये. तुझ्यासाठी टेबलाशी खुर्ची ठेवते. एक नजर टाक आणि सांग, हा तो आहे की नाही.

तुझी,
भिंगरी


१७ जून

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र वाचून आनंद झाला. इतका झाला की दोन दिवस गुडघा दुखतोय. डॉक्टरांना दाखवला. ते दातांचे असले तरी म्हणाले, प्रवास टाळा.

आता मुद्द्याचं. तू विचारतेस म्हणून जबाबदारीने सांगतो. 'गिरणीवाली'त पिठाची गिरणी होती. त्यात संशय नाही. पीठ नसेल तर तो 'गिरणीवाली' नव्हे. औषधाच्या दुकानातला माणूस डब्यावर काय लिहील याचा नेम नाही, त्यांचं अक्षर तुला माहीतच आहे. त्या काळी कापडगिरण्यांवर पुष्कळ मूकपट निघाले. हा कुणा दुसऱ्याचा, दुय्यम दर्जाचा असावा. शैलीवरून मला तसं वाटतं.

(फिल्म न पाहता शैली कळण्याची विद्या मला अवगत आहे.)

तेव्हा माझ्यासाठी खोळंबू नकोस. 'शिकाऱ्याचं लग्न' काढलं. पुस्तिका छापखान्यात चाललीय.

तुझा,
मामा


२४ जून

प्रिय मामा,

तुझ्या पत्राप्रमाणे कार्डावर 'अनोळखी' असं लिहिलं. बाई म्हणाल्या, प्रत्यक्ष पाहिलेला माणूस नाही म्हणतोय, विषय संपला.

पण माझ्या मनातून जात नाही. दुसऱ्या रिळात गिरणीच्या आवारातून एक माणूस काखेत मिटलेली छत्री धरून जातो. चार सेकंद. कथेशी त्याचा काही संबंध नाही, नुसता इकडून तिकडे जातो. मला वाटलं, हे तेच! बाई म्हणाल्या, छत्री काय, कुणीही धरतं. त्या फ्रेमचा फोटो सोबत आहे. नीट बघ.

आणखी एक. तिसऱ्या रिळाला वास सुटलाय. कडा चिकटायला लागल्यात. आत्ता प्रत काढायला घेतली तर निघेल, असं लॅबमधले काका म्हणतात. पण ओळख नाही तर पाळी नाही.

तू चुकत असशील असं मी म्हणत नाही. पासष्ट वर्षांपूर्वी पाहिलेलं, नऊ वर्षांचा होतास. फक्त येऊन बघ. गाडी पाठवू का? गुडघ्याला उशी ठेवू.

तुझी,
भिंगरी


१ जुलै

प्रिय भिंगरी,

फोटो पोचला. छत्री दिसली. गुडघा तसाच आहे, शिवाय आता खोकला. मुद्रितं आलीत, ती तपासल्याशिवाय हलता येत नाही. बाकी क्षेम.

मामा


९ जुलै

प्रिय भिंगरी,

हे पत्र मी पाच वेळा लिहिलं. पहिल्या चारांत मी बराच थोर दिसत होतो, म्हणून फाडली.

मी 'गिरणीवाली' पाहिलेला नाही.

गुडघाही ठणठणीत आहे. खोकला होता, पण तो खोटं बोलताना येतो तसला.

झालं ते असं. मी नऊ वर्षांचा होतो, ताई बारा. शाळेच्या सभागृहात एका दुपारी तो जुना मूकपट दाखवणार होते. मला गालगुंड झालं. तोंड भोपळ्याएवढं सुजलेलं, त्यात रडून आणखी. ताई वर्गाबरोबर गेली. परत आल्यावर तीन दिवस माझ्या उशाशी बसून तिने मला सगळा सिनेमा सांगितला. पीठ तिने सांगितलं. काळ्या रेघाही तिने. मी फक्त ऐकलं.

मग चोविसाव्या वर्षी मंडळाच्या पहिल्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, 'गिरणीवाली' पाहिलेला माणूस आता सापडायचा नाही. माझ्या शेजारी एक सुंदर मुलगी बसली होती. उचलली जीभ लावली टाळ्याला, मी म्हणालो, मी पाहिलाय. मुलगी पुढच्या बैठकीपासून आली नाही, पण थाप राहिली. खोटं बोल पण रेटून बोल म्हणतात, मी पन्नास वर्षं रेटलं. त्या थापेवर लेख लिहिला. त्या लेखावर दुसऱ्यांनी लेख लिहिले. त्यांतले उतारे वाचून मलाच वाटू लागलं, पाहिला असेन.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच मी उंदरासारखा पिंजऱ्यात सापडलो होतो. तरी वाटलं, बोललो तर तुझ्या नजरेतून उतरेन. माझं हसं होण्याची मला सवय आहे, तेवढी कमाई केलेलीच आहे. पण तू लहानपणी ज्या तोंडाने 'पीठ सांग' म्हणायचीस ते तोंड माझ्याकडे बघून काय होईल, हे मला सहन होईना. म्हणून एक अख्खी फिल्म सडू दिली तरी चालेल, असं ठरवून मी गुडघ्याला शेक देत बसलो. दुखत नसलेल्या गुडघ्याला शेक दिला की फोड येतो, हे नवीन कळलं.

काल माझ्याच टिपणाचं मुद्रित तपासत होतो. 'गिरणीवाली' या शब्दावर पेन्सिल थांबली. पहिली वेलांटी ऱ्हस्व, दुसरी दीर्घ, शेवटची दीर्घ. बिनचूक. हा शब्द मी जन्मात हजार वेळा तपासला असेल. वेलांट्या पाहिल्या, अर्थ पाहायचा राहिला. गिरणी काय फक्त पिठाची असते? कापडाचीही असते की! बाकी पीठ ताईने कुठून आणलं ते तिलाच ठाऊक. तिच्या आठवणीत दोन सिनेमांची सरमिसळ झाली असेल. डब्यावरचं नाव खरं आहे आणि छत्रीवाला माणूस छत्रीवालेच आहेत, असं माझं मत. पण माझ्या मताची किंमत तू आता ठरवायची.

हे पत्र समितीपुढे वाच. सगळं वाच, मुलीचंही. कार्डावरचं 'अनोळखी' खोड.

मामा


२० जुलै

मामा,

पत्र बाराला मिळालं. पंधराला वाचलं. मोठ्याने, सात माणसांपुढे. सुंदर मुलीपाशी सगळे हसले, मी हसले नाही.

वाचून झाल्यावर बाई म्हणाल्या, "म्हणजे आपल्या फाईलमधला एकमेव पुरावा गालगुंडाचा आहे." मग त्यांनी कार्ड ओढून घेतलं आणि स्वतःच्या हाताने 'गिरणीवाली' लिहिलं. सोळाला प्रत काढायला घेतली.

पहिलं, दुसरं आणि चौथं रीळ निघालं. तिसरं नाही. डबा उघडला तर आत एकसंध वडी झाली होती. काकांनी दोन दिवस खटपट केली. २४ जूनला मी तुला लिहिलं तेव्हा कडाच चिकटल्या होत्या.

पाहिला नव्हतास याचा मला राग नाही. मी सुट्टीत हट्ट करायचे तो सिनेमासाठी नाही, तू उभा राहून पांढरा व्हायचास त्यासाठी. पण जून महिन्यात तू मला एका वाक्याचं पत्र टाकलं असतंस तर चारही रिळं असती. त्याचा राग आहे, आणि तो किती दिवस राहील मला सांगता येत नाही.

तुझं पत्र आईला दाखवलं. ती आधी खूप हसली, मग चष्मा शोधायला लागली. सोबत तिची चिठ्ठी आहे. मी वाचलीय. तू बसून वाच.

कार्डावर प्रत्येक रिळाच्या आशयाचा रकाना असतो. तिसऱ्याचा रिकामा आहे. बाई म्हणतात, मामांना विचारा काय लिहायचं, मंडळी त्यांनाच विचारायची ना आजवर. त्या टोमणा मारत होत्या, पण रकाना खरोखरच भरायचाय.

भिंगरी


(सोबतची चिठ्ठी)

बाळ्या,

तू माझं नाव पुढे केलंस ते बरं केलंस. आता ऐक. मीही तो सिनेमा पाहिलेला नाही.

रांगेत पुढच्या मुलीची वेणी ओढली म्हणून बाईंनी मला सभागृहाबाहेर उभं केलं. पूर्ण वेळ. आतून हसण्याचा आवाज येत होता, बाकी काही नाही. बोलपट असता तर निदान ऐकून तरी आले असते, मूकपटाने तीही सोय ठेवली नाही.

घरी आले तर तू सुजून वाट बघत बसलेला. आठ दिवस मी तुला चिडवत होते, मी जाणार, तू नाही. आता काय सांगणार? बाहेर उभी होते म्हणून? तुझी दया आली असं लिहायला आवडलं असतं, पण आली नव्हती. माझी लाज वाचवायची होती. मग सुचेल ते सांगत गेले. गिरणी मला एकच माहीत होती, आपल्या कोपऱ्यावरची. दर आठवड्याला दळणाचा डबा घेऊन मलाच पाठवायचे. तिथला माणूस सगळा पांढरा असायचा आणि डोळे चोळले की गालावर रेघा उमटायच्या. तू तोंड उघडं टाकून ऐकत होतास, मग मलाही चेव आला. तीन दिवस पुरवला.

पुढे तोच सिनेमा स्वतः पाहिला म्हणून तू सगळीकडे सांगू लागलास. एकदा वाटलं, तुझं पितळ उघडं पाडावं. पण कसं पाडणार? लोक म्हणाले असते, मग तुम्ही पाहिलात का? माझंही पितळच. म्हणून पन्नास वर्षं गप्प बसले आणि तुझे लेख वाचले नाहीत. तुला वाटायचं मला सिनेमाची आवड नाही.

पोरीचं रीळ गेलं ते मात्र वाईट झालं. त्यात तुझ्याएवढाच माझा वाटा आहे. तो रकाना रिकामा राहिलाय म्हणे. हवं तर विचार, सांगते काय होतं तिसऱ्या रिळात. मला आत्ताच दोन गोष्टी सुचल्यात.

ताई


४ ऑगस्ट

प्रिय भिंगरी,

परवा तू खुर्ची ठेवलीस, उशी ठेवली नाहीस. बरोबर केलंस.

तीन रिळं पाहून घरी आलो आणि दोन दिवस काही लिहिलं नाही. माझी अवस्था तुला सांगतो. मला वाटत होतं, सिनेमा टाकाऊ निघावा, म्हणजे माझा गुन्हा लहान होईल. शेजारी ताई बसली होती, तिची इच्छा असावी की तो तिच्या सिनेमापेक्षा वाईट निघावा. पहिलं रीळ झाल्यावर ती माझ्या कानात म्हणाली, "माझं बरं होतं." मला ऐकू आलं आणि पटलंही, दोन्ही एकदम क्वचितच होतं.

दुसऱ्या रिळाच्या शेवटी नायिका गिरणीच्या फाटकाशी उभी आहे, आत जावं की नाही अशी. मुकादम तिच्याकडे पाहतो आणि रीळ संपतं. मग तुम्ही चौथं लावलंत. तिच्या उजव्या हाताला पट्टी आहे. ती मागापाशी येते, तोच मुकादम उठून तिला वाट करून देतो, आणि सगळ्या बायका आपापले माग बंद करतात. एकामागून एक. आवाज नसलेल्या सिनेमात आवाज बंद झालेला कळतो. कुठलीही पाटी नाही. मी मान वळवली तर ताई रडत होती आणि मीही. कशासाठी ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. तिच्या हाताला काय झालं, मुकादम का उठला, त्या बायका तिला मान देत होत्या की निरोप, सगळं तिसऱ्या रिळात होतं.

मंडळात काल सगळं सांगितलं. मग ग्रंथपाल बाई म्हणाल्या, 'पाहुणी'बद्दल त्यांना थोडं स्पष्टीकरण द्यायचंय. मग डॉक्टरांनी घसा खाकरून 'दोन जिने'चा विषय काढला. सर्वोत्तम दहांतल्या उरलेल्या नवांपैकी प्रत्यक्ष पाहिलेले चार निघाले. पुस्तिकेत आता चारांचीच यादी जाईल. 'कुलूप' पहिला. 'गिरणीवाली'ला क्रमांक द्यायला मी नकार दिला. पाऊण सिनेमाला क्रमांक देता येत नाही, आणि उरलेला पाव मी घालवलाय.

आता तुझा रकाना. ताईने गाडीत बसल्या बसल्या मला तिसरं रीळ सांगायला सुरुवात केली होती. सुंदर सांगत होती. फाटक, पाऊस, यंत्रात अडकलेला पदर. मी तिला थांबवलं. आयुष्यात पहिल्यांदा थांबवलं आणि ती थांबली.

आशयाच्या रकान्यात लिही: माहीत नाही. शेजारी नुकसानीच्या कारणाचा रकाना आहे, त्यात तू 'कालमानाने फिल्म जीर्ण झाली' असं लिहिलेलं मी परवा पाहिलं. तुझं अक्षर छान आहे, वेलांट्याही बरोबर आहेत, पण ते खोटं आहे. तू माझ्यासाठी लिहिलंस हे मला कळलं. खोड ते. तिथे लिही, साक्षीदाराने तीन आठवडे खोटं सांगितलं, आणि पुढे माझं पूर्ण नाव घाल.

तुझा,
मामा